विहिरीच्या कुरणात पुरलेलं कापड

तुझ्या आईला तू मोबाइलवर फोटो पाठवतेस. वेल्समधल्या मेंढ्यांचे, समुद्राचे, तुझ्या खोलीच्या खिडकीचे. परवा तर तू खाल्लेल्या सूपचा फोटो आला आणि तुझ्या आईनं तो मला चष्मा शोधून दाखवला, जसं काही तुझं लग्नच ठरलंय. मला मात्र ऑक्टोबरपासून एक ओळ नाही. तुझा बाप गेल्याच्या महिन्याच्या मिस्सेला, चर्चमधल्या प्रार्थनेला, तू आली नाहीस. वाऱ्यामुळे बोट बंद होती म्हणालीस. वारा होता, मान्य. पण शेजारच्या पॅकीची बहीण त्याच दिवशी समुद्रापलीकडून आली, ती काय पोहत आली? नाताळाला कार्ड आलं, त्यात सगळं छापलेलं, खाली तुझं नाव. छापलेले शब्द दुकानदाराचे असतात. तरी ते मी चुलीवरच्या फळीवर ठेवलंय, कारण टाकवलं नाही. हे मनात होतं ते बोलून टाकलं.

प्रिय सोर्चा,

बरी असशील, आणि जेवत असशील. तुझी आई कॅरिकला त्या वृद्धाश्रमात कामावर गेली आहे, पाचशिवाय येत नाही. म्हणून टेबल पुसून लिहायला बसले आहे. बाराव्या वर्षी माझी शाळा सुटली हे तुला ठाऊक आहे, तेव्हा अक्षराला हसू नकोस. मधेच ओळ तुटली तर समज की ब्रेड करपत होता.

आधी कामाचं सांगते. एक फेब्रुवारीला झाडांच्या कंपनीचा माणूस येणार आहे. तोच, स्वच्छ बुटांचा, ज्याच्या मागे कुत्रं सोडून तुझ्या बापानं त्याला तीनदा फाटकाबाहेर काढलं होतं. तुझ्या आईनं त्याच्या कागदावर सही केली की विहिरीचं कुरण गेलं. सगळं स्प्रूसच्या सूचीपर्णी झाडांनी भरतील, ओळीत, इतकं दाट की माणसाला अंग तिरकं करूनसुद्धा शिरता येणार नाही. आणि एकदा लावलं की लावलं. पुढे तोडलं तरी त्या जागी परत झाडंच लावायची असा कायदा आहे म्हणे. तुझ्या नातवंडांच्या वेळीही तिथे गाय चरणार नाही. पॅकीच्या घराला तिन्ही बाजूंनी झाडांनी कसं गाठलंय ते तू पाहिलं आहेस, भर दुपारी स्वयंपाकघरात दिवा लावावा लागतो. तो मला म्हणतो, "डीलिया, मी मेलो तर मला शोधायला घुबड पाठवा." मी तुझ्या आईला, उनाला म्हटलं, थांब जरा. ती म्हणाली, "कशासाठी थांबू? माझे गुडघे गेलेत, तुमचं वय एक्याऐंशी, आणि सोर्चा काही परत यायची नाही. पॅकी गुरं सांभाळीन म्हणतो, पण तो किती वर्षं सांभाळणार? आणि ती जमीन मेलेली आहे असं मी नाही म्हटलेलं. तुमच्या नातीनं म्हटलंय, ह्याच टेबलावर." ह्यावर मला बोलता आलं नाही. मला, सोर्चा. का आलं नाही ते सांगायलाच हे पत्र आहे, पण मला माझ्या चालीनं येऊ दे.

मागच्या मे महिन्यात तू घरी आलीस, तेव्हा तुझ्या पिशवीत कपडे कमी आणि काचेच्या बरण्या जास्त होत्या. आणि पांढऱ्या सुती कापडाची एक गुंडाळी. कॉलेजचं काम नाही म्हणालीस, घरचं आहे, बाबाला त्याची जमीन आतून कशी आहे ते दाखवायचंय. मी विचारलं, आत काय असणार, मातीच ना? तू म्हणालीस, "आजी, चमचाभर मातीत इतके जीव असतात की जगात तेवढी माणसं नाहीत. गवत गाईला पोसतं, आणि ते गवताला पोसतात. ते धड आहेत का, तेच मोजायचं." मी म्हटलं, मोजणार कसं, हजेरी घेऊन? तू हसलीस. तेव्हा हसायचीस. मग तू मला समजावून सांगितलंस की मोठ्या प्रयोगशाळेत माती बंद बरणीत ठेवतात आणि ती किती श्वास टाकते ते यंत्र सांगतं. घरी यंत्र नाही म्हणून कापड पुरायचं. निव्वळ सुती कापड, वीतभर खोल, दोन महिने. जिवंत माती सूत खाते. जितकं जास्त खाल्लं तितकी माती तगडी, आणि कापड जसंच्या तसं निघालं तर आत जेवायला कुणी उरलेलंच नाही. हे मला लगेच पटलं. खाण्यावरून तब्येत ओळखायची, ह्यात नवीन काय, मी गाय आणि नवरा दोघांची तशीच ओळखत आले.

पहिल्या दिवशी तू वरच्या लव्हाळ्याच्या कुरणात सहा पट्ट्या पुरल्यास. त्या कुरणाला जन्मात कुणी काही घातलं नाही, लव्हाळी आणि चार मेंढ्या. दुसऱ्या दिवशी विहिरीच्या कुरणाची पाळी होती. तू गुंडाळी फाटकावर ठेवून चहाला आत आलीस, आणि त्या तांबड्या वासरानं ती चघळून तिचा बोळा केला. तू रडकुंडीला आलीस. नवीन मागवायला आठवडा लागेल, मग दोन्ही कुरणांचे दिवस सारखे राहणार नाहीत. तेव्हा मला विचारलंस, आजी, तुझ्याकडे जुनी चादर आहे का, पण शंभर टक्के सुती हवी, भेसळीची चालणार नाही. मी आत जाऊन पेटीतून चादर आणली. तू विचारलंस, "नक्की सुती ना?" मी म्हटलं, बंडोरनच्या हॉटेलात अकरा वर्षं चादरी धुतल्या मी, तू मला कापड शिकवतेस? तू कात्री लावलीस आणि विहिरीच्या कुरणातल्या सहा पट्ट्या माझ्या चादरीच्या झाल्या.

ते कुरण म्हणजे तुझ्या बापाचं काय होतं ते तुला सांगायला नको, पण मी सांगणार. तुझे आजोबा होते तेव्हा त्या जागी गाय पोटापर्यंत रुतायची. तुझा बाप, फिंटन, सोळा वर्षांचा असताना बापलेकांनी दोन हिवाळे तिथे हातानं चर खणले, तळाला दगड रचले, वर माती ओढली. तुझ्या आजोबांची पाठ तिथेच गेली, ती परत सरळ झाली नाही. मग फिंटननं चुना टाकला, लव्हाळी उपटली, क्लोव्हरचं गवत पेरलं, दर वसंतात शेणकाला पसरला, आणि हो, खताची पोतीही टाकली, सगळेच टाकत होते. रविवारी मिस्सेहून आला की कोट न काढता तिकडे जायचा, ढेकूळ उचलून फोडायचा, वास घ्यायचा. मी ओरडायचे, कोट कोण धुणार? तो म्हणायचा, "आई, वास घेऊन बघ." मी कधी घेतला नाही. मला धुण्याचं पडलेलं.

जुलैत तुम्ही कापडं काढलीत. लव्हाळ्याच्या कुरणातली जाळी होऊन आली, उचलली की हातातून गळत होती. विहिरीच्या कुरणातली अख्खी. मळलेली, पण अख्खी, एक भोक नाही. गांडुळंही तिथे थोडीच निघाली. फिंटन म्हणाला, "पाच आठवडे पाऊस नाही, खाली गेली असतील." तू म्हणालीस, "बाबा, वरच्या कुरणालाही तोच उन्हाळा होता." मग ती कापडं तू ह्या टेबलावर शेजारी शेजारी मांडलीस, लोण्याच्या भांड्याला टेकवून. मी लोणी उचललं. तू म्हणालीस, "तीस वर्षं तू गवत पोत्यांवर वाढवलंस, जमिनीवर नाही. वरून हिरवं आहे. आतून मेलंय." तो म्हणाला, "मेलंय?" तू म्हणालीस, "कापड बघ ना." त्यानं बघितलं. हात लावला नाही, नुसतं बघितलं. मग म्हणाला, "त्या जमिनीखाली माझ्या बापाची पाठ आहे." आणि तू म्हणालीस, "पाठीनं माती जिवंत होत नाही, बाबा." तू बावीस वर्षांची होतीस आणि तुझं बरोबर होतं असं तुला वाटत होतं, आणि असं वाटलं की माणूस थांबत नाही. मीही बावीसची होते कधीतरी. तो उठला, टोपी घेतली आणि गोठ्यात गेला, गोठ्यात गुरं नव्हती तरी. उना तुझ्यावर ओरडली, तू जिना चढून गेलीस. मी चहा ओतत होते. चार कप ओतले, मग बघितलं तर टेबलाशी मी एकटी.

त्यानंतर तो विहिरीच्या कुरणात गेला नाही. गुरं हलवायची असली तर रस्त्यानं वळसा घालून जायचा. रविवारी कोट काढून खुंटीला लावायचा आणि खुर्चीत बसायचा. माझं धुणं कमी झालं. सप्टेंबरमध्ये तू निघालीस, त्यानं तुझी बॅग गाडीत ठेवली आणि उनाला म्हणाला, "मागच्या चाकातली हवा बघून घे." तुझ्या कानावर पडलेलं त्याचं ते शेवटचं वाक्य, आणि तेही तुझ्याशी नव्हतं. ते तुझ्या मनात आहे हे मला माहीत आहे. मयताच्या वेळी तू तुझ्या आईला दोनदा विचारलंस, "हवा बरोबर होती का?" तिला कळलं नाही तू काय विचारतेयस. मला कळलं.

तू गेल्यावर त्याच आठवड्यात तो झाडंवाला आला. फिंटननं कुत्रं बांधून ठेवलं. मी खिडकीतून बघत होते, मला वाटलं आता कुत्रं सुटेल, मग सुटेल. नाही सुटलं. दोघं फाटकाशी उभे राहिले आणि फिंटन त्याला म्हणाला, "नोव्हेंबरच्या शेवटी या. तोवर मला एक बघायचंय." काय बघायचंय ते बोलला नाही. त्याच दिवसांत दोरीवर त्याचा एक बनियन कमी भरला. सहा असतात, पाच निघाले. मी विचारलं, सहावा कुठाय? म्हणाला, "गाईनं खाल्ला." मी म्हटलं, कुठल्या गाईनं? तिला म्हणावं, आता उरलेले पाच तूच धूत जा. तो हसला, सोर्चा. जुलैनंतर पहिल्यांदा हसला, खांदे हलेपर्यंत. मला वाटलं, चला, उतरतंय. आता आणखी थोडे दिवस गप्प राहिलं तर सगळंच उतरेल.

सतरा ऑक्टोबरला सकाळी तो अंगणात बादली घेऊन चालला होता आणि खाली बसला. पॅकी फाटकातून येत होता, त्यानं पाहिलं. म्हणाला, पडला नाही, बसला, बादली नीट ठेवून बसला. डॉक्टर म्हणाले, हृदय. छप्पन्न वर्षांचा. मी त्याला जन्म दिला तेव्हा पाऊस होता आणि सुईण उशिरा आली, आणि तो गेला तेव्हा लख्ख ऊन होतं आणि माझे हात पिठात होते. एवढंच मला त्याविषयी म्हणायचं आहे. त्याला पुढच्या खोलीत ठेवलं ते माझ्या चादरींवर. तू आलीस तेव्हा दारात उभी राहिलीस आणि म्हणालीस, "किती पांढऱ्या आहेत, आजी." दोन दिवसांत तू मला म्हटलेलं हे एकच. कबरीशी माझा हात हातात घेतलास आणि पाहुण्यांसारखा सोडलास. मी तुला दोष देत नाही. तुझ्या चेहऱ्यावर लिहिलं होतं की बापाला तू मारलंस, आणि मी ते वाचलं, आणि पुन्हा एकदा गप्प राहिले.

आता नोव्हेंबरचं. गोठ्याच्या दाराला गुरांच्या डॉक्टरनं दिलेलं कॅलेंडर असतं, तुझा बाप त्यावर गाईंच्या तारखा लिहायचा. महिन्याच्या मिस्सेनंतर मी ते उतरवायला गेले, कारण त्याचं अक्षर येता-जाता समोर नको होतं. चोवीस नोव्हेंबरवर लिहिलं होतं: बनियन. खाली बारीक अक्षरात: विहीर, तिसरा खांब, दहा पावलं. आणि पंचवीसवर लिहिलं होतं: झाडंवाला. त्याला मयतानंतर तुझ्या आईनं फेब्रुवारीची तारीख दिली होती. मी गुरांच्या पेंडीच्या पोत्यावर बसले. मग कॅलेंडर परत लावलं. चोवीसला उना कामावर गेल्यावर मी फावडं घेतलं, तुझ्या आजोबांचं, आखूड दांड्याचं. पॅकी फाटकाशी भेटला, म्हणाला, "डीलिया, स्वतःसाठी खणताय का? थांबा, मी मोजमाप घेतो." मी म्हटलं, तुझ्यासाठी खणतेय, तू आडवा किती लागतोस ते सांग. पण मग त्यानं माझं तोंड पाहिलं आणि फावडं माझ्या हातातून घेतलं. कुंपणाच्या तिसऱ्या खांबापासून दहा पावलं. फिंटनची पावलं लांब होती, माझी पंधरा झाली. तिथे खुणेच्या लहान काठीला दोरा बांधलेला होता. पॅकीनं हळू खणलं, भाजलेला ब्रेड कापावा तसं.

बनियन नव्हता. म्हणजे होता तिथे काही नव्हतं. गळ्याची गोल शिवण, दोन बाह्यांची शिवण, आणि ते पाठीमागचं लेबल, बाकी सगळं खाऊन टाकलेलं. काळी भुसभुशीत माती, तिच्यात गवताची पांढरी मुळं आणि सात गांडुळं. मी मोजली, तू मोजायचीस तशी. आठ आठवड्यांत, ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या मातीनं, माझ्या मुलाचा अख्खा बनियन खाल्ला. पॅकी म्हणाला, "ही तर भुकेलेली आहे." मी खाली वाकले, ह्या वयात वाकतात तशी टप्प्याटप्प्यानं, आणि ढेकूळ उचलून वास घेतला. इतकी वर्षं तो घे म्हणत होता. पावसाचा आणि अळंब्यांचा वास येतो. तुला माहीतच असेल.

पाकिटात घडी केलेल्या कागदात जे आहे ती गळ्याची शिवण आहे. धुतलेली नाही. मी पहिल्यांदाच काहीतरी न धुता पाठवते आहे.

आता तू शिकलेली आहेस, तू विचारशील. तेच कुरण, तेवढीच खोली, जुलैत कापड अख्खं आणि नोव्हेंबरात बनियन फस्त, हे कसं? जमीन एका उन्हाळ्यात मरून एका शरदात उठत नाही. म्हणून लिहिते आहे. माझ्या पेटीत दोन प्रकारच्या चादरी होत्या. तळाशी दोन, जुन्या काळच्या, निव्वळ सुती, हॉटेल सोडताना मिळालेल्या. त्या मी माझ्यासाठी ठेवल्या होत्या, मला पुढच्या खोलीत ठेवतील तेव्हासाठी. दर वर्षी काढून इस्त्री करायची आणि परत ठेवायची, चाळीस वर्षं. वर होती ती तिसरी, नंतरची, मालकानं इस्त्रीचा खर्च वाचावा म्हणून आणलेल्या मालातली, अर्धी सुताची आणि अर्धी पॉलिस्टरची. सकाळी धुवावी, दुपारी वाळावी. तू निव्वळ सुती मागितलीस आणि माझ्या मेल्यावरच्या चादरीला कात्री लावायला माझं मन धजलं नाही. मी तिसरी दिली. मला ठाऊक होतं ती कशाची आहे. मला वाटलं कापड ते कापड, मातीला काय कळणार. जुलैत तू ती टेबलावर ठेवलीस तेव्हा तू भोकं शोधत होतीस. मी मात्र उचललेलं लोणी हातात धरून कापडाकडे बघत होते, आणि खिडकीचा उजेड त्यातून आरपार येत होता. ती विरळ झाली होती. त्या मातीनं त्यातलं सूत सगळं खाल्लं होतं. जे तिला खाता येत नाही तेवढंच तिनं ठेवलं होतं. मी तिथेच ओळखलं, तू "मेलंय" म्हणायच्या आधी, आणि मी चहा ओतला. तुम्हा दोघांसमोर म्हातारी खोटं बोलली असं म्हणवून घ्यायचं नव्हतं, आणि मला वाटलं दोन दिवसांत मिटेल. मिटलं नाही. मग सप्टेंबरात, तू गेल्यावर, तो हात धूत असताना पाठमोराच म्हणाला, "आई, ती चादर सुतीच होती ना?" मोरीचा नळ चालू होता. मी म्हटलं, "अकरा वर्षं चादरी धुतल्या मी. तू मला शिकवू नकोस." तो म्हणाला, "बरं." आणि त्याच आठवड्यात जाऊन स्वतःचा बनियन पुरला. म्हणजे त्यानं माझ्यावर विश्वास ठेवला नाही. त्या बिचाऱ्याच्या संशयावर मी आता जगते आहे. पण आई हो म्हणाली म्हटल्यावर त्याच्या मनात किती उरलं असेल, अर्धं? चोवीस नोव्हेंबरला त्याला कळलं असतं. त्याच्या आधी पाच आठवडे तो अंगणात बसला. आणि मी त्याला त्या दोन पांढऱ्या चादरींवर ठेवलं, ज्या वाचवल्या म्हणून हे झालं. काल मी हे सगळं उनाला सांगितलं. ती उठून वर झोपायला गेली. आज सकाळी माझा चहा टेबलावर ठेवून गेली, माझ्याकडे न बघता. तुला आधी सांगायला हवं होतं, पण कागदावर आधी लिहिता आलं नाही. तर हे घे: तुझं मोजणं बरोबर होतं, कापड चुकीचं होतं, आणि ते मी दिलं. जमीन जिवंत आहे. तुझ्या बापाला तू मारलं नाहीस. त्याच्या मनात जे मेलं ते माझ्या चादरीनं मेलं, तुझ्या जिभेनं नाही. तेवढं माझ्या नावावर राहू दे, त्यात वाटा मागू नकोस.

तुझीच,
आजी डीलिया

ता. क. मला उत्तर लिहू नकोस. माफ केलं असं लिहिणार असशील तर तिकीट वाया जाईल, आणि नाही केलं ते मला माहीत आहे. उत्तर तू तुझ्या आईला लिहायचं, विहिरीच्या कुरणाचं, ते ठेवायचं की झाडांना द्यायचं, एक फेब्रुवारीच्या आत तिच्या हातात पडेल असं. फोन नाही, फोटो नाही. तू लिही, तुझ्या हातानं, कागदावर.